पाय धुऊन आत या

जनूदादा गेला त्या दिवशी त्याला खाली दवाखान्यातच ठेवलं होतं. वर घर आणि खाली त्याचा दवाखाना अशी ती रेवदंड्याची इमारत. जिना अरुंद, म्हणून वहिनी म्हणाल्या, खालीच ठेवू, लोकांना बरं पडेल. मी दाराशी उभा होतो. येणारा प्रत्येक माणूस पायरीच्या डाव्या बाजूच्या नळाशी थांबत होता, तिथल्या काळ्या दगडावर पाय धूत होता आणि मगच आत जात होता. कोळणी, रिक्षावाले, चौलचे वाडीवाले, पांढऱ्या कपड्यांतले पुढारीसुद्धा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्याबरोबर शिकलेले एक डॉक्टर मुंबईहून आले होते. ते बूट हातात धरून मला हळूच म्हणाले, "इथं अंत्यदर्शनाआधी पाय धुवायची रीत आहे का?" मी म्हणालो, "गावाची नाही. ह्या दवाखान्याची आहे." त्यांना ते नीट कळलं नसावं, पण त्यांनीही धुतले. दुपारपर्यंत आतली फरशी ओल्या पावलांनी भरून गेली. काम करणारी बाई फडकं घेऊन आली, तर वहिनींनी तिला हातानेच थांबवलं.

नंतर शोकसभा झाली. तीत एकाने सांगितलं की कॉलेजात असताना डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या जनूदादाने, अर्ध्या मैदानावरून गोल मारला होता. मी त्या सामन्याला हजर होतो. अंतर तेवढं नव्हतं. माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात, जमिनी मोजण्यात गेली. त्यामुळे कुणी अंतर वाढवून सांगितलं की मला खटकतं. पण तिथे उठून बोलण्यासारखं ते नव्हतं. इथे लिहितो आहे ते मी पाहिलेलं आणि आईकडून ऐकलेलं, एवढंच.

जनूदादा माझा आतेभाऊ. आत्याच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून तो आमच्याकडे शिकायला आला आणि आमचाच होऊन राहिला. माझ्याहून तो बराच मोठा, त्यामुळे तो नसलेलं घर मला आठवतच नाही. घर म्हणजे पुढे ओटी, मधे एक खोली, मागे चूल आणि वर माळा. माळ्यावर सुकटीच्या आणि बोंबलांच्या टोपल्या. पावसाचे चार महिने त्यावर निघायचे, त्यामुळे त्या टोपल्यांचा वास हा आमच्या घराचाच वास होता. आम्हाला तो यायचा नाही, पाहुण्यांना यायचा. आई तांदळाची भाकरी हातावर थापायची, तो पट पट आवाज झोपेतून उठवायचा. खाडीत जिताडा मिळाला की त्याचं डोकं बाबांच्या ताटात जायचं, पण बाबा ते उचलून जनूदादाच्या ताटात ठेवायचे. "शिकतंय ना तो," म्हणायचे. मला राग यायचा. आईला मी विचारलं होतं, "मी शिकत नाही का?" ती म्हणाली, "तू अजून पाटीवर थुकतंस."

घराच्या मागे खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल, आणि त्यापलीकडे मिठागर. बाबा तिथे कामाला होते आणि तळाच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. हे काम काय, ते सांगितलं पाहिजे, कारण आता पाहायला मिळत नाही. पावसाळा संपला की वाफ्यांमधलं गढूळ पाणी सोडून द्यायचं आणि तळाचा चिखल पायांनी तुडवायचा. तुडवून तुडवून तो असा घट्ट करायचा की पुढे उन्हाळ्यात त्यावर साठलेलं मीठ लाकडी फावड्याने ओढताना माती वर येता कामा नये. माणसं ओळीने, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून, टाचा आपटत पुढे जायची. धप धप असा आवाज ओटीपर्यंत यायचा. ओळ वळताना जरा थांबायचा, मग पुन्हा सुरू. बाबा तळावरून अनवाणी एकदा चालून जायचे आणि सांगायचे, इथं अजून कच्चं हाय, तिथं झालं. पायाने त्यांना कळायचं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे असायचे.

तयार तळावर पोरांनी जायचं नाही, हा नियम होता. जनूदादा शाळेला रेवदंड्याला जायचा आणि तिथे कोर्लईच्या ख्रिस्ती मुलांशी त्याची दोस्ती झाली होती. फुटबॉल त्यांचा. आमच्याकडे तेव्हा सगळे कबड्डीवाले. चेंडू पायाने मारायचा हे आमच्या माणसांना पोरखेळ वाटायचं. एका संध्याकाळी बाबांना दिसलं की जनूदादा एका पुऱ्या झालेल्या वाफ्यात चेंडू घेऊन एकटाच पळतो आहे. ते काठी घेऊन निघाले. बांधावर पोचले, ओरडायला तोंड उघडलं आणि थांबले. मग खाली उतरून वाकून तळाकडे बघितलं. तळावर उमटलेलं काही नव्हतं. जेवताना ते आईला म्हणाले, "ह्या पोराचा पाय जमिनीला लागतंय का न्हाय, मना कलत न्हाय." तेव्हापासून त्याला मुभा मिळाली. अट एकच, अनवाणी खेळायचं. मी अर्थातच बांधावर, बाहेर आलेला चेंडू आणून द्यायचो. मी पाय ठेवला की ठसा उमटायचा.

तो मुंबईला डॉक्टरकीला गेला आणि पहिल्याच वर्षी कॉलेजच्या संघात आला. तो सामना म्हणजे त्याच्या तिसऱ्या वर्षातला. बाबा मला घेऊन रेवसहून लाँचने गेले. बरोबर छत्री, आईने दिलेल्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. मैदानाभोवती दोर बांधला होता आणि मुलं त्याचं नाव घेऊन ओरडत होती. आमच्या घरातलं नाव अशी अनोळखी माणसं ओरडताहेत, ह्याचंच मला नवल वाटलं. बाबा सगळा वेळ चेंडूकडे न बघता त्याच्या पायांकडे बघत होते. "बूट कशाला घातलंत त्याला?" असं त्यांनी शेजारच्या एका शहरी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काका, घालावेच लागतात." शेवटी शेवटी जनूदादाने दोन जणांच्या मधल्या फटीतून चेंडू काढला, जागच्या जागी वळला आणि डाव्या पायाने मारला. गोलच्या चौकटीपासून तो फार लांब नव्हता. पण ती फट किती अरुंद होती ते मी पाहिलं आहे, आणि मला विचाराल तर अवघड होतं ते हे.

मुलांनी त्याला खांद्यावर घेतलं. तिथून उतरून तो सरळ आमच्याकडे आला आणि चिखलाने भरलेला तसाच बाबांच्या पाया पडला. बाबांनी वाकून त्याच्या बुटाला हात लावला. "ह्यात पायाला कसं कलतं रं?"

"कलतं मामा. सवय होते."

"मना न्हाय पटत. पायाला जमीन कलली पायजे."

परत येताना ते लाँचच्या कठड्याशी उभे होते. रेवस जवळ आलं तेव्हा म्हणाले, "त्यानं चांगलं केलं." तेवढंच.

डॉक्टर झाल्यावर त्याला मुंबईत राहता आलं असतं. तो परत आला आणि रेवदंड्याच्या बाजारात एक भाड्याची खोली घेऊन बसला. तिथे एक वयस्कर डॉक्टर आधीपासून होते. ताप, खोकला, पोटदुखी घेऊन लोक त्यांच्याकडेच जात राहिले. जनूदादाकडे यायचे ते मुरगळलेले घोटे. खेळाडू माणूस, त्याला पायातलं कळतं, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. तो बिचारा सांगायचा, "मावशी, मी छातीचं, पोटाचं पण शिकलोय." मावशी म्हणायची, "शिकला असशील रं. पन आदी माजा घोटा बग." वर्षभर त्याने पायच पाहिले. पण त्यातून त्याच्या एक लक्षात आलं. मिठागरातल्या कित्येक माणसांच्या तळव्याला जखमा होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. केरसुणीचा हीर लावून तो विचारायचा, लागतं का. माणसं डॉक्टरला बरं वाटावं म्हणून "लागलं, लागलं" म्हणायची. तेव्हा त्याने ती चेंडूची युक्ती काढली. डोळे मिटून बसायचं, तो चेंडू हळूच पायाला लावणार, कुठल्या पायाला लागला ते सांगायचं. खेळ म्हटल्यावर कुणी खोटं बोलत नव्हतं.

त्या वर्षी बाबा तळ हाताने चाचपू लागले होते. वाकून, तळवा दाबून बघायचे. आम्हाला वाटलं, वयाबरोबर माणूस जास्त काटेकोर होतो. ते स्वतः तर अभिमानाने सांगायचे, "आता माजा पाय पक्का झाला. शिंपला बी टोचत न्हाय." आमच्यात ती मोठेपणाचीच गोष्ट होती, मिठाने पाय पिकला असं म्हणायचे. आणि त्याच सुमारास घरात एक वास यायला लागला. आईला वाटलं, माळ्यावरची सुकट बिघडली. तिने टोपली खाली काढली, उन्हात पसरली, निवडली, पुन्हा वर ठेवली. वास राहिलाच. तिने बोंबील उन्हात घातले. ज्या बाईने बाजारात सुकट विकली तिच्याशी भांडूनही आली.

होळीला जनूदादा घरी आला तेव्हा टोपली पुन्हा एकदा कौलांवर उन्हात होती. दुपारी अंगणात चार-सहा माणसं जमली होती आणि त्याने चेंडू काढला. शेजारचे पांडूकाका बसले, त्यांना बरोबर ओळखता आलं. त्यांच्या भावाला आलं. हसणं चाललं होतं.

"मामा, तुमी बी या," जनूदादा म्हणाला.

"मी काय पोर हाय?"

"घाबरला," पांडूकाका म्हणाले. "पाटीलकी करतंय नुसती. बस की बाकड्यावर."

बाबा बसले. हात गुडघ्यांवर, मिशीखाली हसू, डोळे घट्ट मिटलेले. जनूदादाने चेंडू घरंगळत सोडला. तो बाबांच्या डाव्या पायाच्या बोटांना येऊन टेकला आणि तिथेच थांबला. आम्ही सगळे बघत होतो.

"टाक की रं," बाबा म्हणाले. "कवाचा बसलंय मी."

सगळे हसले. पांडूकाकांनी मांडीवर थाप मारली. मीही हसलो. बाबांनी डोळे उघडले नाहीत; खेळाचा नियम ते पाळत होते. "आरं, टाकतंस का न्हाय?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. ह्या वेळी हसू कमी आलं. जनूदादा पहिल्यापासूनच हसत नव्हता. तो खाली बसला, चेंडू बाजूला सारला, बाबांचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तळवा वळवून बघितला. मग म्हणाला, "मामी, कोमट पानी आना." टाचेच्या पुढे, कातडीच्या आत, कालवाच्या शिंपल्याचा एक तुकडा रुतला होता. भोवतीचं मांस काळं पडलं होतं. आई पाणी घेऊन आली, तिने पाय बघितला आणि मग कौलांवरच्या टोपलीकडे बघितलं.

अलिबागला नेल्यावर कळलं की रक्तात साखर आहे, आणि बरीच वर्षं असावी. शिंपला काढला, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. जनूदादाने सांगितलं की जखम भरेपर्यंत मिठागरात पाय टाकायचा नाही. बाबांनी मान हलवली. ती मनापासूनच हलवली असावी, कारण भाच्याचा शब्द ते कधी मोडत नसत. पण ऐन हंगाम होता, आणि घरात बसलेल्या माणसाला विचार सुचतात. एका संध्याकाळी जेवताना ते आईला म्हणाले, "मिठात मासली वरीसभर सडत न्हाय. मंग पाय कसा सडंल?" आई घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय की." आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. आयुष्यभर जे डोळ्यांसमोर घडत आलं होतं त्याचाच तो हिशेब होता. त्यात चूक कुठे आहे ते आमच्यापैकी कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवसापासून बाबा पट्टी सोडून शेवटच्या वाफ्यात, जिथे पाणी सगळ्यांत जड आणि खारट असतं, तिथे पाय बुडवून बसू लागले. घरी येऊन पट्टी पुन्हा बांधायचे. "जनूला सांगू नगा," असं त्यांनी आम्हाला बजावलं. "येवढं शिकलाय. त्याला वाईट वाटंल."

जखम पांढरी पडली आणि वास गेला. आईने टोपली माळ्यावर ठेवली. चार दिवस घरात अगदी हलकं वाटलं. मग बाबांना ताप भरला, पाय पोटरीपर्यंत सुजला आणि ते असंबद्ध बोलू लागले. तळ तुडवायला माणसं कमी पडली असं काहीतरी बोलत होते.

जनूदादा त्यांना मुंबईला, तो शिकला त्याच इस्पितळात घेऊन गेला. आई बरोबर होती. पुढचं तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. बाबा शुद्धीत नव्हते. आईने जनूदादाला विचारलं, "तू सांग. तुजा मामा हाय." तो म्हणाला, "मामी, पाय ठेवला तर मामा रहात न्हाय." आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग काप." बाबा शुद्धीवर आले, पांघरुणाकडे बघत पडून राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "कुनी सांगितलं?" आई बोलणार होती. तिच्या आधी जनूदादा म्हणाला, "मी."

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर कित्येक वर्षं ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तो मात्र दर गुरुवारी यायचा. बाबा ओटीवर कुबडी टेकवून बसलेले असायचे. तो आला की ते मिठागराकडे बघत उजवा पाय पुढे करायचे, एखादी वस्तू द्यावी तसा. तो पाय धुवायचा, बोटांच्या मधे बघायचा, तळवा बघायचा, पुसायचा. मग चुलीशी जाऊन आईशी बोलत बसायचा. आई त्याला भाकरी द्यायची. ओटीवरून कुबडीचा आवाज आला की दोघंही गप्प व्हायची. मी तेव्हा कॉलेजात होतो. गुरुवारी संध्याकाळी घरी असणं मला नको वाटायचं.

फुटबॉल त्याने सोडला. कोर्लईची मंडळी रविवारी वाळूवर बोलवायची, तो कामाचं निमित्त सांगायचा. चेंडू दवाखान्यातल्या फळीवर औषधांच्या शेजारी असायचा आणि कामाला लागायचा तो फक्त डोळे मिटलेल्या माणसांच्या पायांना लावायला. दवाखाना मात्र वाढला. ताप असो, कान दुखत असो, तो आधी पाय बघायचा. त्याने बाहेर नळ बसवून घेतला, खाली दगड ठेवला. सुरुवातीला बायका कुरकुरायच्या, "खोकल्याला आलंव तर पाय काय धुवायला सांगतंय, लगनाला आलंव काय?" पुढे त्याच बायका लहान पोरांना दरडावू लागल्या, "पाय धू आदी, डॉक्टर वराडंल." तो कधी ओरडल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या खाडीच्या बाजूला किती पाय त्यामुळे वाचले, तो आकडा कुणाकडे नाही. सभेत एकाने एक आकडा सांगितला. तो कुठून आणला मला माहीत नाही.

मी मोजणी खात्यात लागलो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आई आणि बाबा ओटीवर वाल सोलत बसले होते. गुरुवार होता, जनूदादा नुकताच गेला होता. आई सोलता सोलता म्हणाली, "त्यानं न्हाय सांगितलं. मी सांगितलं. कापा म्हनून." मी दारात होतो. बाबांचे हात थांबले. मग ते म्हणाले, "तवाच सांगायचं." आणि पुन्हा वाल सोलू लागले.

पुढच्या गुरुवारी जनूदादा आला, पाय धुतला, पुसला आणि उठायला लागला. बाबा मिठागराकडे बघतच म्हणाले, "खेलत न्हायस आता?"

तो तसाच उकिडवा बसून राहिला. हातातलं फडकं त्याने घडी केलं, पुन्हा उलगडलं. "न्हाय मामा."

"का?"

तो फडकं पिळू लागला.

"मना पाय न्हाय म्हनून?" बाबा म्हणाले. "तुना हायत ना दोन."

त्या रविवारी आम्ही बाबांना खुर्चीसकट उचलून बांधावर नेऊन बसवलं. दिवस तळ तयार होण्याचेच होते. कोर्लईचे त्याचे जुने दोस्त आले, एव्हाना सगळ्यांची पोटं सुटलेली. आम्ही गावातले मिळेल तसे भिडू झालो. जनूदादाने चपला बांधावर काढून ठेवल्या. पहिल्यांदा त्याच्याकडे चेंडू आला तेव्हा तो नुसता पायाखाली धरून उभा राहिला, जणू पुढे काय करायचं ते विसरला आहे. बांधावरून बाबा ओरडले, "त्या कोपऱ्यात जपून, कच्चं हाय अजून." मग तो पळाला. मला अडवायला ठेवलं होतं. मी नेमका कुठे चुकलो ते मला आजही सांगता येणार नाही. खेळ संपल्यावर बाबांनी मला हाक मारली. "बग रं, ठसा हाय का त्याचा?" मी वाकून बघितलं. होता. टाचेचा, बोटांचा, स्पष्ट. मी तसं सांगितलं. जे मोजलं ते सांगायचं, ही माझी तेव्हापासूनची खोड. बाबा मान हलवत राहिले. "वजन वाढलं त्याचं," ते म्हणाले, आणि त्यांना त्याचं फार समाधान वाटलेलं दिसलं.

बाबा पुढे बरीच वर्षं जगले आणि गेले तेव्हा त्यांचा उजवा पाय चांगला होता. मिठागर आता नाही. तिथे लाल मातीची भर घातली आहे आणि ट्रक उभे असतात. गेल्या वर्षी एका कामासाठी त्या जागेच्या हद्दी मला दाखवाव्या लागल्या. आमचा शेवटचा वाफा कुठे होता ते मला कागदावर सापडलं, जागेवर नाही.

जनूदादाला झटका आला तो दवाखान्यातच, एका बाईचा पाय हातात घेऊन बसलेला असताना. डावी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं. मी दर गुरुवारी जाऊ लागलो. दिवस मी मुद्दाम निवडला नव्हता, रिटायर झाल्यावर सगळे दिवस सारखेच. तरी गुरुवारच ठरला. तो खिडकीपाशी पडलेला असायचा. खाली नळाचा आवाज यायचा, कारण दवाखाना बंद आहे हे माहीत असूनही काही म्हातारी माणसं पाय धुऊन पायरीवर बसून जायची.

शेवटून दुसऱ्या गुरुवारी त्याची तब्येत जरा बरी वाटली. चेंडू समोरच्या कपाटावर होता, हवा गेलेला. त्याकडे बघून तो म्हणाला, "मोजणीदार, आज डॉक्टर तू." आणि डोळे मिटले.

मी पायथ्याशी सरकलो, चादर बाजूला केली. चेंडू घ्यायला उठलो नाही. माझा तळहात त्याच्या डाव्या तळव्यावर पुरा टेकवला. पाय गरम होता. नखं कापलेली होती, बोटांच्या मधे स्वच्छ होतं. वहिनी रोज बघत असणार. मी जरा दाबलं. तो डोळे मिटून, अर्ध्या ओठांनी हसत पडला होता.

"टाक की रं," तो म्हणाला. "कवाचा पडलंय मी."

बाबांची नक्कल करतो आहे असं मला वाटलं, आणि मी हसायच्या बेतात होतो. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. पापण्या घट्ट मिटलेल्या होत्या, भुवया जरा वर उचललेल्या. तो खरंच वाट बघत होता. वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या. माझा हात कुठे आहे ते त्यांना दिसलं आणि त्या तिथेच थांबल्या.

मी हात उचलला आणि त्याच्या उजव्या तळव्यावर ठेवला.

"आला," तो म्हणाला. थोड्या वेळाने, डोळे न उघडताच म्हणाला, "उशीर केलास."

"हो," मी म्हणालो, आणि हात तिथेच ठेवला.